आतून उघडणारं दार

या अंकाचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक. एका सकाळी पेपर उचलायला ते बनियन-लुंगीवर दाराबाहेर आले आणि मागं दार धाडकन लागलं. मी पोहोचेपर्यंत ते जिन्यात तोच पेपर अंगाशी धरून बसले होते आणि शाळेला निघालेली पोरं त्यांच्याकडं बघत बघत जिना उतरत होती. त्या उपकाराची परतफेड म्हणून असेल, यंदा ते म्हणाले, "रफिकभाई, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. चोऱ्यामाऱ्यांचे चांगले खमंग किस्से येऊ द्या."

त्यांची निराशा करतो, माफी असावी. चोरी झाली म्हणून कुलूप बदलायला बोलावणारी माणसं माझ्या वाट्याला फार थोडी आली. लोक कुलूप बदलतात ते भाडेकरू गेला म्हणून, भावाभावांत वाटण्या झाल्या म्हणून, कामवाली भांडून गेली म्हणून, नवरा-बायको वेगळे राहायला लागले म्हणून. कालपर्यंत जो माणूस त्याच दाराशी चपला काढून आत यायचा, त्याच्यासाठी नवं कुलूप लागतं. अशा घरी काम करताना मी शक्यतो मान वर करत नाही. हातातल्या पेचकसाकडं बघायचं, आणि चहा आला तर प्यायचा.

मी मूळचा लातूरकडचा. कामाच्या शोधात इकडं आलो, काही दिवस चाकणला एका कंपनीत पॅकिंगला होतो, तिथं जीव रमला नाही. मग एका कुलूपवाल्या उस्तादांच्या हाताखाली बसलो आणि तिथंच चिकटलो. तळवड्याला चौकाच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, किल्ल्या घासायचं मशीन आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. आता गुडघे कुरकुरतात, जिना चढायचा कंटाळा येतो, त्यामुळं जास्त वेळ दुकानातच असतो. पण दार बघायला बोलावलं की अजून राहवत नाही.

बाहेरच्या माणसाला या कामाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. 'कुलूप खराब झालंय' म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कुलूप बिचारं ठणठणीत असतं. बिजागऱ्या ढिल्या होऊन दार खाली बसलेलं असतं, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, त्यामुळं कुलपाची जीभ चौकटीच्या खाचेत शिरत नाही. घरधनी रोज खांदा लावून दार ढकलतो, किल्ली पिळतो, शेवटी किल्ली तुटते आणि बोल कुलपाला लागतो. आणि खरंच बदलायचं झालं तरी दर वेळी अख्खं कुलूप काढावं लागत नाही. बऱ्याच कुलपांत नुसता आतला गाभा, ज्यात किल्ली शिरते तो, काढून दुसरा घालता येतो. दार तेच, मूठ तीच, फक्त जुन्या किल्लीला ते दार ओळख देत नाही. हे सांगितलं की काही गिऱ्हाइकांचा चेहरा पडतो. त्यांना मोठं काहीतरी घडायला हवं असतं.

निघोजेला पोरांच्या खोल्या आहेत. एका खोलीत पाच-सहा जण, कुणी फर्स्ट शिफ्टला, कुणी नाइटला. एक झोपायला येतो तेव्हा दुसरा डबा भरून निघालेला असतो. कुलूप एक, किल्लीही एकच, आणि ती ठेवायची जागा ठरलेली: दाराशी पडलेल्या एका फाटक्या सेफ्टी बुटात. त्यांच्यातलं एक पोरगं भांडून खोली सोडून गेलं, म्हणून त्यांनी मला कुलूप बदलायला बोलावलं. चांगलं भक्कम कुलूप बसवलं. किल्ली हातात दिली तर त्यातल्या एकानं ती सगळ्यांदेखत नेऊन त्याच बुटात टाकली. मी म्हटलं, "अरे भावा, गेलेल्याला ही जागा माहीत नाही का?" तो म्हणाला, "माहितीये ना चाचा. पण दुसरीकडं ठेवली तर नाइटवाल्याला सापडायची नाही." आठवड्यानं त्या रस्त्यानं गेलो तर भांडून गेलेलं पोरगं त्याच खोलीच्या दाराशी बसून दाढी करत होतं.

एक बाई होत्या, चिखलीच्या बाजूच्या. नवऱ्याशी बिनसलं की कुलूप बदलायला मला फोन करायच्या. मी जुनं कुलूप काढून पेचकस फिरवत असायचो तोवर नवऱ्याचा फोन यायचा, आत बोलणं व्हायचं, आणि बाई डोळे पुसत बाहेर येऊन म्हणायच्या, "भाऊ, जुनंच बसवा. नवं ठेवा तुमच्याकडंच, लागेल." ते कुलूप कितीतरी दिवस माझ्या पिशवीत होतं. दुसऱ्या कुणाला द्यायला जीव झाला नाही.

पण मला लिहायचं आहे ते चऱ्होलीच्या एका दाराबद्दल.

चऱ्होलीला आता जिकडं बघावं तिकडं बिल्डिंगा. तिथल्या एका नव्या बिल्डिंगमधून संध्याकाळी फोन आला. बोलणाऱ्या बाई शेजारच्या फ्लॅटमधल्या होत्या आणि त्यांना धड बोलवत नव्हतं. समोरच्या घराचं दार लागलंय, आजोबा बाहेर राहिलेत, तीन वर्षांची मुलगी आत एकटी आहे आणि गॅसवर दूध आहे. मी दुकान शेजारच्याला बघायला सांगितलं आणि स्कूटर काढली. कंपन्यांच्या बसेस सुटायची वेळ होती. देहू-आळंदी रस्त्यावर त्या दिवशी मी जशी गाडी चालवली तशी चालवायचं माझं वय नाही.

वर पोहोचलो तर करपलेल्या दुधाचा वास लॉबीत आलेला. दारापुढं एक म्हातारा पालथा पडला होता. मला वाटलं, चक्कर आली. जवळ गेलो तर तो बोलत होता. पावसात फुगलं म्हणून सुतारानं ते दार खालून जरा जास्तच तासलेलं होतं. उंबऱ्याशी फट राहिली होती. त्या फटीतून आतल्या पोरीची बोटं बाहेर आली होती आणि म्हाताऱ्यानं ती आपल्या बोटांनी धरून ठेवली होती.

"ओवे, सोडू नगं हां. मी हितंच हाय. गॅसकडं जायाचं न्हाई. तिकडं बागुलबुवा हाय का? हाय ना? मग हितंच बस. मला सांग, तुज्या बाहुलीनं आज काय खाल्लं?"

आतून रडत रडत आवाज आला, "पोहे."

"आन् मला न्हाई ठेवलं?"

अगदी आमच्या बाजूची बोली होती, आमच्या गावात म्हातारी माणसं अशीच बोलतात. मी त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसलो. म्हटलं, "काका, तुम्ही बोलत राहा. हात सोडू नका. मी वरच्या वर दार उघडतो."

दाराला नाइट लॅच होतं. नवख्यांसाठी सांगतो: हे कुलूप दार लोटलं की आपोआप लागतं. आतून नुसती मूठ फिरवली की उघडतं, पण तिथवर पोरीचा हात पोहोचत नव्हता; बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. फ्लॅटच्या दारांना बिल्डर सर्रास हेच लावतात. मी ते कसं उघडलं ते इथं लिहीत नाही, कारण हा अंक कुणाकुणाच्या हातात पडेल ते संपादकांनाही माहीत नाही. उघडलं, एवढं खरं. दार हळूहळू सरकवावं लागलं, पोरगी मागंच बसलेली होती.

दार उघडल्यावर म्हातारा पोरीला उचलायला थांबला नाही. तडक आत गेला, गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि मग परत येऊन पोरीजवळ फरशीवर बसला. पातेल्याचं बूड काळं ठिक्कर झालं होतं. दुसरं काही झालं नव्हतं.

हे रंगनाथअण्णा. बीडकडचे. उभं आयुष्य भोसरीला बफिंगच्या कामात गेलं. बफिंग म्हणजे गरगर फिरणाऱ्या चाकावर लोखंडाचे, पितळेचे सुटे भाग धरून त्यांना चकाकी आणायची. बायको वर्षभरापूर्वी वारली. तेव्हापासून मुलगा संतोष आणि सून स्वाती यांच्याकडं राहायला आले. दोघंही नोकरीला, म्हणून ओवी दिवसभर अण्णांकडं, तिच्या आबांकडं.

झालं होतं ते असं. अण्णांची बायको रोज दिवेलागणीला देवापुढं दिवा लावायची, घराचं दार सताड उघडायची आणि उदबत्ती चौकटीला ओवाळायची. तिन्हीसांजेला दार बंद ठेवायचं नाही, लक्ष्मी यायची वेळ असते. आपल्याकडं बहुतेक घरांत हे चालत आलेलं. जमिनीवरच्या घरात त्यानं कधी कुणाचं काही बिघडलं नाही. बायको गेल्यावर अण्णांनी तिचं हे काम एक दिवस चुकवलं नाही. पाचव्या मजल्यावरच्या त्या घरातही ते रोज दार उघडून बाहेर पाऊल टाकून उदबत्ती ओवाळायचे. त्या संध्याकाळी लॉबीची खिडकी कुणीतरी उघडी टाकली होती. वारा आला आणि दार लागलं. उदबत्ती त्यांच्या हातात बाहेर, बाकी सगळं आत.

मी हत्यारं गोळा करत होतो तेवढ्यात स्वाती जिन्यानं पळत वर आली. लिफ्टची वाट बघायचंही तिला सुचलं नव्हतं. तळवड्याला एका ऑफिसात ती नोकरीला आहे. तिनं ओवीला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि आतल्या खोलीत गेली. अण्णांशी एक अक्षर बोलली नाही. संतोष आला तो पायातल्या कंपनीच्या बुटांसकट. तो चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. लाइनवर फोन जवळ ठेवू देत नाहीत, त्यामुळं त्याला उशिरा कळलं होतं. त्यानं करपलेलं पातेलं बघितलं आणि त्याचा तोल गेला.

"अण्णा, किती वेळा सांगितलं? काय गरज आहे रोज दार उघडायची? आई गेली. आता तो दिवाही बंद करा."

अण्णा खाली बघत होते. म्हणाले, "चुकलं माजं."

मला तिथं थांबवेना. पैसे नंतर द्या म्हणालो आणि जिना उतरलो. संतोषवर चिडावं असं वाटत होतं, पण मी पण बाप आहे. गॅस पेटलेला आणि पोर आत, ही बातमी चाकणहून चऱ्होलीपर्यंत डोक्यात घेऊन येणाऱ्या माणसाच्या तोंडून काय निघेल याचा काय हिशोब धरायचा?

पुढच्या रविवारी त्याचाच फोन. "रफिकभाई, डिजिटल लॉक मागवलंय. बोट लावलं की उघडतं. बसवायला या."

गेलो. घर शांत होतं, म्हणजे अशा घरात असते तशी शांतता होती. टीव्ही चालू, त्याकडं बघणारं कुणी नाही. अण्णा बाल्कनीच्या दाराशी खुर्चीवर, ओवी त्यांच्या पायाशी. स्वाती आतबाहेर करत होती आणि दर वेळी ओवीला म्हणत होती, "इकडं ये, इथं खेळ." ओवी जात नव्हती.

माझी एक पद्धत आहे. असलं लॉक असलं तर दाराला भोक पाडायच्या आधी मी ते टेबलावरच सेल घालून चालू करतो आणि घरातल्या सगळ्यांची बोटं नोंदवून घेतो. एकदा दार कापलं की मागं फिरता येत नाही. संतोषचं बोट लागलं, टिंग वाजलं. स्वातीचं लागलं. मग अण्णांना बोलावलं. त्यांनी हात धोतराला पुसला आणि अंगठा ठेवला. मशीननं तांबडा दिवा दाखवला. दुसरं बोट, तांबडा. डावा हात घेतला, बोटं ओलसर करून बघितली, जरा दाबून बघितली. मी ज्या ज्या युक्त्या करतो त्या सगळ्या केल्या.

अण्णांनी स्वतःची बोटं उजेडात धरून बघितली. पेराच्या टोकाला कातडी गुळगुळीत, कागदासारखी. म्हणाले, "रेशनला बी असंच होतंय बगा. बफिंगला गेली सगळी. म्या पितळ घासलं का पितळानं मला घासलं, कुणाला ठाव!" आणि हसले. त्यांच्याबरोबर हसलो फक्त मीच.

"आकडे टाकूनही उघडतं," मी म्हणालो. संतोषनं आकडे सांगितले. अण्णांनी ते पुटपुटत पाठ केले, मशीनपाशी आले आणि अर्ध्यात अडकले. पुन्हा केले, पुन्हा अडकले. सत्तरीच्या माणसाला चार लोकांसमोर उभं करून आकडे म्हणायला लावायचे, मला तर बघवेना. तिसऱ्या वेळी ते आपणहून मागं सरले आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

मग संतोष माझ्याजवळ आला आणि आवाज खाली करून बोलला. घर एवढंसं, अण्णांना सगळं ऐकू जात होतं.

"राहू द्या. त्यांना उघडायची गरजच नाही. आम्ही दोघं सकाळी बाहेरून लॉक करून जाऊ. तुम्ही एवढं करा, आतली मूठ पण चालणार नाही असं काहीतरी करा. म्हणजे दार उघडून बाहेर जायचा प्रश्नच उरत नाही. ओवी पण आत सेफ."

मी म्हटलं, "आणि अण्णा?"

"ते पण आत. कुठं जायचंय त्यांना?"

बाल्कनीच्या दाराकडून अण्णांचा आवाज आला. "बरूबर हाय त्याचं. मला कुठं जायाचंय? बसवा तुमी, रफिकभौ."

ते असे शांतपणे म्हणाले म्हणून मला जास्त लागलं. आयुष्यभर शिफ्टच्या भोंग्यावर आत-बाहेर केलेला माणूस, स्वतःच्या मुलाच्या घरात 'मला आत कोंडा' म्हणून मला परवानगी देत होता. देव्हाऱ्यातली समई कोरडी होती, वात काढून ठेवलेली. म्हणजे त्या दिवसापासून दिवा लागलाच नव्हता.

आमच्या उस्तादांनी शिकवलेल्या गोष्टी फार नव्हत्या, पण एक पक्की होती. घरात जिवंत माणूस असेल तर दार आतून नुसत्या हातानं उघडलं पाहिजे. किल्ली लागता कामा नये, कुणाला विचारावं लागता कामा नये. मी ते संतोषला सांगितलं. म्हटलं, "गॅस पेटला, वायर जळाली, अण्णांच्या छातीत दुखलं, तर काय करायचं? तुझा फोन लॉकरमध्ये असतो. मी हे काम करणार नाही."

"तुम्ही नाही केलं तर दुसरा करेल."

"करेल. खुशाल कर."

"रफिकभाई, तुम्ही त्या दिवशी बघितलंत ना? काय झालं असतं माहितीये?" त्यानं गॅसकडं हात केला. "मला रात्री झोप लागत नाही. लाइनवर उभा असतो आणि डोळ्यांसमोर ते पातेलं येतं. मी काय करू, सांगा? नोकरी सोडू? का अण्णांना गावी भावाकडं पाठवून देऊ?"

तर गोष्ट इथपर्यंत आली होती. अण्णांनी खुर्चीत मान वळवली नाही, पण ओवीच्या केसांतून फिरणारा त्यांचा हात थांबला. भावाकडं पाठवायचं बोलणं त्या घरात पहिल्यांदाच झालेलं नव्हतं, हे मला कळलं. आणि या माणसाला रागावण्यात काही अर्थ नाही हेही कळलं. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. माझ्याकडं त्याच्या भीतीवर काही औषध नव्हतं. मी मशीन खोक्यात भरायला लागलो.

स्वाती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटत होतं, ही आता नवऱ्याचीच री ओढणार.

ती म्हणाली, "संतोष, त्या दिवशी ओवी गॅसकडं का नाही गेली?"

"म्हणजे?"

"मी रोज तिला विचारते. ती एकच सांगते, आबांनी बोट धरलं होतं. दाराखालून." तिनं डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, तशीच बोलत राहिली. "मी तेव्हापासून अण्णांशी धड बोलले नाहीये. दार लागलं याचा राग धरून बसले. पण दार वाऱ्यानं लागलं. बाकी सगळं अण्णांनी सांभाळलं. त्यांनी धरून ठेवलं नसतं तर…"

संतोष सोफ्याच्या हातावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग स्वाती माझ्याकडं वळली. "भाऊ, आपोआप लागतच नाही असं कुलूप मिळतं का?"

एवढा साधा प्रश्न! मी दुसऱ्यांदा त्या घरात आलो होतो, उघडता कसं येईल आणि बंद कसं करायचं यातच अडकलो, आणि हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. म्हटलं, "मिळतं की. जुन्या चालीचं. आपण किल्ली फिरवू तेव्हाच त्याची जीभ बाहेर येते. दार किती का आपटेना, लागत नाही. आतून खिट्टी फिरवली की उघडतं, ओवीचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बसवतो. अलीकडं कुणी मागत नाही, म्हणून आमच्याकडं पडून असतं."

"आहे?"

होतं. स्कूटरच्या डिकीत होतं. खाली जाऊन घेऊन आलो. गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही.

नाइट लॅच काढलं. त्याचीच भोकं थोडी वाढवून नवं बसत होतं. चौकटीतली खाच मात्र नव्यानं कोरावी लागली, ती पटाशीनं हळूहळू घेतली. अण्णा खुर्ची सोडून कधी मागं येऊन उभे राहिले कळलं नाही. हातानं काम केलेल्या माणसाला दुसऱ्याचं काम चाललेलं असताना लांब बसवत नाही. खाचेची कड त्यांनी अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, "हितं एक कंगोरा ऱ्हायलाय." राहिला होता. मी घासून घेतला. शिवाय दार उघडं राहावं म्हणून मागच्या भिंतीला दार अडकवायचा एक आकडा लावून दिला. म्हणजे वारा आला तरी दार जागचं हलायला नको.

काम झालं. मी दार उघडं असताना किल्ली फिरवून बघितली, मग दार लोटून पुन्हा फिरवली. जीभ खाचेत लोण्यात जावी तशी गेली. किल्ल्यांची पुडी मी संतोषपुढं धरली. त्यानं ती घेतली, फोडली, त्यातली एक काढली. मग अण्णांकडं गेला आणि त्यांच्या हातात दिली.

"ही तुमची."

अण्णांनी ती तळहातावर घेतली. "मला कशाला? मी तर घरातच असतोय."

"असू द्या. घर तुमचं पण आहे," संतोष म्हणाला.

अण्णांनी ओवीला कडेवर घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "बगू तर, चालतंय का." ते दाराबाहेर गेले. दार लोटलं. बाहेरून किल्ली शिरल्याचा आवाज आला, मग फिरल्याचा, आणि कुलपाची जीभ चौकटीत बसली. आत आम्ही तिघं, बाहेर ते दोघं.

मग दारापलीकडून अण्णांचा आवाज आला, मिश्कील.

"काय रं संत्या! आता तू आत, मी भाईर. कसं वाटतंय?"

ओवी खिदळली. स्वातीनं तोंडावर पदरासारखी ओढणी धरली. संतोष दाराच्या अगदी जवळ उभा होता. त्याचा हात खिट्टीकडं गेला. नुसती फिरवायची होती. पण त्यानं हात मागं घेतला, दाराच्या लाकडावर टेकवला आणि कपाळही टेकवलं.

"उघडा ना, अण्णा," तो म्हणाला.

अण्णा किल्ली फिरवेपर्यंत आम्ही तिघंही आत तसेच उभे राहिलो.